लांबी वाळेपर्यंत

सकाळी सव्वासहा वाजता अप्पांनी स्वयंपाकघरातल्या कपाटाचं पहिलं दार काढलं. मी जिना उतरून खाली आले तेव्हा ते दार जेवणाच्या टेबलावर जुन्या चादरीवर पालथं पडलं होतं. अप्पा स्वेटर, मफलर, कानटोपी अशा थाटात दुसऱ्या दाराचे स्क्रू फिरवत होते.

"अप्पा, हे काय चाललंय?"

"काल म्हणालीस ना, कपाटं पांढरी करायचीत म्हणून? गॅरेजात रंगाचे डबे बघितले मी. दारं उतरवल्याशिवाय रंगवणार कशी?"

"मी करणार होते हळूहळू. तुम्ही परवा तर आलात. झोप तरी पुरी होऊ दे."

"झोप कसली? कराडात चहाची वेळ झालीय. तू चहा टाक."

अप्पा माझे सासरे. कराड नगरपालिकेत नोकरी करून निवृत्त झालेले. रंगकाम हा त्यांचा धंदा नव्हता, पण दर दिवाळीआधी घरची दारं-खिडक्या स्वतः रंगवायची त्यांना हौस होती. सासूबाईंना, म्हणजे माईंना, जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि ते पहिल्यांदाच एकटे आमच्याकडे ओहायोला आले होते. मार्च संपत आला होता, पण अंगणात कडेला अजून बर्फ होता.

त्यांना जे माहीत नव्हतं ते थोडक्यात सांगते. मी आणि माझा नवरा सुजय वेगळे होणार होतो. सुजय नोकरीसाठी सिनसिनाटीला राहतो आणि शुक्रवारी घरी येतो, असं आम्ही त्यांना सांगितलं होतं. खरं म्हणजे तो जानेवारीपासून तिकडेच राहत होता आणि घरी येतच नव्हता. भांडण असं कुठलं झालं नव्हतं. आम्ही एकमेकांशी फार सौजन्यानं वागायला लागलो होतो, शेजाऱ्यांशी वागावं तसं. निर्णय माझा होता, त्यानं तो मान्य केला होता. अप्पांचं तिकीट त्याआधीच काढलेलं. म्हणून असं ठरलं, की ते इथं आहेत तोवर सुजयनं दर शुक्रवारी यायचं, आणि ते कराडला पोचून थोडे स्थिरावले की त्यानं फोनवर सांगायचं.

घर विकायचं होतं. डेबी नावाच्या बाई ते काम बघत होत्या. आदल्या आठवड्यात त्या आल्या, टेपचं एक टोक माझ्या हातात देऊन सगळ्या खोल्या मोजून गेल्या, आणि जाताना म्हणाल्या, बाकी सगळं छान आहे, फक्त ही पिवळट ओकची कपाटं घराचं वय सांगतात. पांढरी करा, मग फोटो काढू, मग घर बाजारात आणू. मी रंग आणून ठेवला. अप्पांना सांगितलं, कपाटं जुनी दिसतात, जरा नवीन करूया. यात खोटं काही नव्हतं, असं तेव्हा मी मनाशी म्हटल्याचं आठवतं.

चहा पिता पिता अप्पांनी दारावरून अंगठा फिरवला. "सागवान नव्हे हे."

"ओक आहे."

"ओक म्हणजे?"

"इकडचं झाड. तीस वर्षांपूर्वी सगळ्यांच्या स्वयंपाकघरात हेच असायचं."

"रेषा बघ किती खोल आहेत. नांगरट केल्यासारख्या. यावर नुसता रंग मारलास, तर पांढऱ्या सदऱ्यातून जाळीचा बनियन दिसावा तसं दिसेल बघ." त्यांनी कप खाली ठेवला. "लांबी किती असेल घरात?"

"बावीस फूट चार इंच," मी म्हणाले.

अप्पा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी ओट्यापासून खिडकीपर्यंतच्या भिंतीकडे बघितलं, मग परत माझ्याकडे, आणि एकदम हसायला लागले.

"अगं, ती लांबी नव्हे! लांबी! लाकडात भरायची! खडूची भुकटी तेलात मळून पातळ लोखंडी पत्तीनं भेगांत दाबतात ती. घरात डबा-बिबा आहे का, म्हणून विचारतोय मी."

मलाही हसू फुटलं. ते इतके हसले की त्यांना खुर्चीवर बसावं लागलं. कानटोपी काढून त्यांनी डोळे पुसले. "माई असती तर तिनं आख्ख्या पेठेत सांगितलं असतं. सुनेला लांबी मागितली, तर सुनेनं फुटपट्टी काढली."

मग ते उठले आणि पुन्हा स्क्रू फिरवायला लागले. माझं लग्न झाल्यापासून त्या घरात इतक्या मोठ्यानं कुणी हसलं होतं का, हे आठवायचा मी प्रयत्न करत होते.

लांबीसाठी खडूची भुकटी कुठून आणायची? मी म्हणाले, दुकानात याच कामासाठी तयार डबा मिळतो. अप्पांनी हात झटकला. "डब्यातली लांबी आणि डब्यातलं श्रीखंड, दोन्ही सारखंच. रांगोळी असेल ना घरात?"

दिवाळीची रांगोळीची पिशवी होती. ती त्यांनी माझ्या मैद्याच्या चाळणीनं दोनदा चाळली. जवसाचं तेल लागेल म्हणाले. माझ्याकडे होतं, कोशिंबिरीवर घालायला आणलेलं. परातीत त्यांनी रांगोळी आणि तेल एकत्र करून कणकेसारखं मळलं, पातळ झालं म्हणून आणखी रांगोळी, घट्ट झालं म्हणून आणखी तेल. गॅरेजभर जवसाच्या चटणीचा वास सुटला. मग एकेक दार पुढ्यात घेऊन पत्तीनं रेषांवर आडवी आडवी लांबी ओढत ते दिवसभर बसले. लाकडावरचं नांगरलेलं शेत हळूहळू सपाट व्हायला लागलं. मधूनच ते मला हाक मारायचे, "वृंदा, बघ की जरा! कुठं रेष दिसतीय?"

"नाही दिसत, अप्पा."

"दिसणारच नाही."

शुक्रवारी संध्याकाळी सुजय आला. दारात पिशवी ठेवली, रोजची सवय असल्यासारखं दाखवत बूट नेहमीच्या जागी काढले, आणि मला म्हणाला, "रस्त्याला गर्दी होती." अप्पा ऐकत होते म्हणून तो बोलला, आणि अप्पा ऐकत होते म्हणूनच मी म्हणाले, "शुक्रवारी असतेच." आम्ही नाटकातलं काम बरं करत होतो.

अप्पा त्याला थेट गॅरेजात घेऊन गेले. "हात लावून बघ. काचेसारखं झालंय."

सुजयनं बोट लावलं. बोटाबरोबर लांबी वर आली.

"वाळली नाही वाटतं, अप्पा."

"उद्या वाळेल."

ती उद्या वाळली नाही, परवा वाळली नाही, पुढच्या आठवड्यातही वाळली नाही. खाण्याचं तेल होतं ते, आणि गॅरेज थंडगार. शेगडीच्या वरच्या दारांवरून तर ती सालीसारखी सुटायला लागली. अप्पांनी चष्मा कपाळावर चढवून त्या दारावर नख ओढलं, नख नाकाशी नेलं आणि माझ्याकडे वळले.

"हिंग."

"काय?"

"तुझी फोडणी नडली गं. दहा वर्षांचा चिकटा आहे यावर. लांबी लाकडाला धरणार कशी? ती तुझ्या मोहरीला धरून बसली."

"आणि रांगोळी? तिचा काही दोष नाही?"

"रांगोळीनं काय केलंय? दारात शोभतेच की ती." मग हळू आवाजात, "सगळी खरवडायला पाहिजे."

सगळी खरवडली. साबणाच्या पाण्यानं, मग स्पिरिटनं दारं धुतली. मी दुकानातून तयार लांबीचा डबा आणला. अप्पांनी झाकण उघडून वास घेतला, चिमटीत धरून बघितली, आणि पत्ती घेऊन बसले. ही तासाभरात वाळायची. त्यांना ते आवडलं नाही असं माझ्या लक्षात आलं, पण मला वाटलं, श्रीखंडाचा राग असेल.

पुढच्या शुक्रवारी येणारा सुजय गुरुवारी संध्याकाळीच आला. "उद्या घरूनच काम करतो," म्हणाला. अप्पांनी त्याला आणि मला एकाच मोठ्या दाराच्या दोन टोकांना बसवलं, दोघांच्या हातात पॉलिश पेपर दिला. "तू तिकडून, ती इकडून. मधे भेटा. जोर लावू नका, नाहीतर भरलेलं सगळं निघून येईल. कुरवाळल्यासारखं घासायचं."

आम्ही घासत बसलो. पांढरी धूळ उडत होती. काही बोलायचं नव्हतं, म्हणून सुजय मला त्याच्या ऑफिसातल्या एका माणसाची गोष्ट सांगायला लागला. तो माणूस रोज दुसऱ्याचा डबा खायचा आणि वर मीठ कमी आहे म्हणून कुरकुरायचा. मी हसले. तो हसला. अप्पा चहा घेऊन आले आणि आम्हाला बघून दारातच थांबले.

"म्हातारे झालात की दोघं."

आमच्या केसांवर, भुवयांवर धूळ बसली होती. सुजयच्या मिशा पार पांढऱ्या. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. मग मी उठून पदर झटकावा तशी ओढणी झटकली आणि हात धुवायला गेले.

तयार लांबीचा पहिला थर चांगला बसला होता. मला तरी त्यात काही कमी दिसत नव्हतं. अप्पा दार खिडकीशी तिरकं धरायचे. "इथं बसलीय बघ. खड्डा आहे."

"मला दिसत नाही."

"प्रकाशात धर. दिसला? लांबी वाळली की बसते. पुन्हा भरायला पाहिजे."

त्यांनी पुन्हा भरली. पुन्हा घासली. मग तिसऱ्यांदा भरायला घेतली. डेबीचा फोन आला, फोटो कधी काढायचे? मी मागच्या अंगणात जाऊन बोलले. घरात आले तेव्हा अप्पा एका दाराच्या आतल्या बाजूच्या, कुणाला कधी दिसणार नाहीत अशा रेषा भरत होते.

"अप्पा, आत कोण बघणार आहे?"

"आपल्याला माहीत असतं की."

त्या आठवड्यात सुजय बुधवारी आला.

पॉलिश पेपर संपला म्हणून आम्ही दोघं दुकानात निघालो होतो. गाडी तो चालवत होता. सिग्नलला थांबल्यावर तो म्हणाला, "घाई आहे का आपल्याला?"

"कशाची?"

"डेबीला जूनमध्ये बघू म्हणून सांगितलं तर?"

"मेमध्ये गिऱ्हाईक असतं. शाळा सुटायच्या आत लोक घरं बघतात. त्याच म्हणाल्या."

"मी घराचं म्हणत नाहीये, वृंदा."

तो कशाचं म्हणत होता ते मला कळलं होतं. सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीनं हॉर्न दिला, तरी तो थांबूनच होता.

"शनिवारी रंग सुरू करू," मी म्हणाले. "अप्पांना मी सांगते, लांबी पुरे आता."

त्यानं गाडी पुढे घेतली. परत येईपर्यंत आम्ही पॉलिश पेपरच्या नंबराबद्दल बोललो.

अप्पांना मी संध्याकाळी सांगितलं. मी काही वेडंवाकडं बोलले नाही. म्हणाले, फार दिवस झाले, दारं नसलेल्या कपाटांतून सगळे डबे उघडे पडलेत, मला स्वयंपाक करताना जड जातंय. ते पत्ती पुसत होते. पुसून झाल्यावर त्यांनी ती कागदात गुंडाळली.

"बरं. शनिवारी रंगाचा पहिला हात मारू."

शनिवारी सकाळी मी गॅरेजात गेले तेव्हा ते आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून उभे होते. सगळ्यांत मोठं दार दोन स्टुलांवर आडवं ठेवलं होतं. प्रायमर आदल्या दिवशीच झाला होता. दाराच्या आतल्या कडेला त्यांनी कुंकवाचं बोट उमटवलं होतं. देवापुढची कोयरी रंगाच्या डब्याशेजारी ठेवलेली.

"काय हे, अप्पा? वास्तुशांत आहे का?" सुजय म्हणाला.

"चेष्टा करू नकोस. नव्या कामाला पहिला हात जोडीनं लागावा. धर ब्रश. वृंदा, तू इकडं ये, याच्या उजव्या बाजूला. हाताला हात लाव."

पूजेला नवरा पळीनं पाणी सोडतो तेव्हा बायको त्याच्या हाताला हात लावते, म्हणजे केलेलं दोघांचं होतं. लग्नापासून कितीतरी वेळा मी तसा हात लावला होता, बहुतेक वेळा दुसरंच काही मनात असताना. त्यात अवघड काही नव्हतं.

"माईनं आयुष्यभर लावला," अप्पा म्हणाले. "मी खिळा ठोकायला घेतला तरी म्हणायची, थांबा, हात लावते. एकदा हातोडी बसली तिच्या बोटावर. तरी लावायची."

सुजयनं ब्रश बुडवला, डब्याच्या काठाला निथळला. त्यानं जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता, बाह्या मनगटाच्या वर एक-दोन घड्या दुमडलेल्या. तो थांबला. माझी वाट बघत होता. मी हात पुढे केला. त्यानं ब्रश दारावर टेकवला आणि डावीकडून उजवीकडे सरळ ओढत नेला. पांढरा पट्टा उमटला. एकही रेष दिसली नाही. ओक आहे हे कुणाला सांगूनही पटलं नसतं.

मी वर बघितलं. अप्पा दाराकडे बघत नव्हते. ते माझ्या हाताकडे बघत होते.

माझी दोन बोटं सुजयच्या बाहीवर टेकली होती. बाहीपुढे त्याचं मनगट उघडं होतं. बोटं कापडावर होती.

"झालं," अप्पा म्हणाले. "सरका आता दोघं. बाकीचं मी बघतो."

आणि त्यांनी बघितलं. लांबीत आठवडे काढणाऱ्या माणसानं रविवार संध्याकाळपर्यंत सगळ्या दारांना पहिला हात मारला. खड्डा बघायला दार खिडकीशी नेलं नाही, मला हाक मारली नाही. मंगळवारी दुसरा हात. बुधवारी दारं पुन्हा बसवली, कड्या लावल्या, गॅरेज झाडलं, परात घासून जागेवर ठेवली. सुजय त्या आठवड्यात शुक्रवारी आला, ठरल्याप्रमाणे.

डेबी फोटोवाल्याला घेऊन येणार होत्या त्या सकाळी अप्पांना कुठं तरी पाठवायला हवं होतं. मी निमित्त शोधत होते. ते शोधावं लागलं नाही. चहा झाल्याबरोबर त्यांनी टोपी चढवली. "ग्रंथालयात बसतो जरा. जेवायलाच येईन." ते वळणावर दिसेनासे झाले आणि डेबींची गाडी आली.

डेबींनी कपाटांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, कुणाकडून करून घेतलं? मी म्हणाले, घरच्यांनीच केलं.

अप्पांना विमानतळावर मीच सोडलं. सुजयला सुट्टी नव्हती. तो रविवारी पाया पडून गेला होता. सामान आत गेलं. व्हीलचेअर घेऊन येणारा माणूस यायचा होता म्हणून आम्ही बाकावर बसलो. मी डब्यात दिलेल्या पोळ्या कुठल्या कप्प्यात आहेत ते त्यांना दोनदा सांगितलं.

"वृंदा, एक विचारू?"

"विचारा की."

"राहत्या घराची लांबी कुणाला तोंडपाठ असते का गं?"

मी त्यांच्या पिशवीची चेन उगाच पुन्हा लावली.

"माझं घर मी बांधलं. भिंतींना पाणी मी मारलंय. पण हॉल किती फुटी म्हणून विचारलंस तर मला सांगता यायचं नाही. माई गेल्यावर धाकटा भाऊ म्हणाला, विकून टाक, आमच्याकडं ये. एक जण येऊन मोजून गेला. टेपचं टोक मीच धरलं होतं. मग आठ-पंधरा दिवस सगळे आकडे माझ्या तोंडात. जेवताना, अंघोळीला. चौदा सहा, अकरा तीन." त्यांनी मफलर नीट केला. "नाही विकलं शेवटी."

"म्हणजे तुम्हाला पहिल्याच दिवशी..."

"हं."

"नुसत्या तेवढ्यावरून?"

"घर विकायचंय, तेवढं कळलं. बाकीचं मग बूट बघून कळलं. सुजयच्या बुटांच्या जागेवर धूळ होती."

समोरून एक कुटुंब गेलं. त्यांचं पोर बॅगेवर बसून घसरत होतं. ते लांब जाईपर्यंत आम्ही दोघं तिकडे बघत राहिलो.

"मग ती लांबी, अप्पा? तीन-तीनदा?"

"पहिली खरंच वाळली नाही." त्यांनी व्हीलचेअर आली का ते वळून बघितलं. "दुसरीचं मला सांगता येणार नाही."

"अप्पा, चूक माझी..."

"मी विचारलं नाही. तू सांगू नकोस." व्हीलचेअर आली होती. बसता बसता ते म्हणाले, "मला माहीत आहे हे सुजयला कळू देऊ नकोस. त्याचं त्याला सांगू दे. बापाला असलं काही सांगायला छाती लागते. ती त्याच्याकडं आहे की नाही, हे त्यालाही कळू दे." मग खिशातून कागदात गुंडाळलेली पत्ती काढून माझ्या हातात दिली. "ही हातातल्या सामानात चालत नाही म्हणे. तुला ठेव."

घर पहिल्याच आठवड्यात विकलं गेलं. सुजयनं जूनमध्ये त्यांना फोन केला. नंतर मला म्हणाला, अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं, मला वाटलं होतं त्यांना धक्का बसेल. मी बरं म्हणाले. गाडीतल्या त्या सिग्नलनंतर आमच्यात जेवढं बोलणं झालं, त्यातलं ते सगळ्यांत लांब असावं.

याला सात वर्षं झाली. मी आता दुसऱ्या गावात भाड्याच्या घरात राहते. तिथली कपाटं कशाची आहेत ते मी बघितलेलं नाही. अप्पा दर रविवारी मला फोन करतात, तिकडची संध्याकाळ, इकडची सकाळ. पहिली काही वर्षं तब्येत, नोकरी, थंडी असं बोलणं व्हायचं. सुजयचं नाव ते काढत नसत, मीही काढत नसे.

गेल्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी ते म्हणाले, "मग, दुसरा हात मारलास का?"

"कशाला, अप्पा?"

"कपाटांना."

मी समजावून सांगितलं. ते घर विकलं, अप्पा. तुम्हीच तर रंगवून दिलं होतं. मग त्यांनी पाऊस आहे का विचारलं. पुढच्या रविवारी पुन्हा, "दुसरा हात झाला का?"

मी घाबरून सुजयला मेसेज केला. कित्येक महिन्यांत केला नव्हता. त्याचं उत्तर तासाभरात आलं. नुकताच कराडला जाऊन आलो, अप्पांचं डोकं ठणठणीत आहे, शब्दकोडं पेनानं सोडवतात, वीजबिलातली चूक स्वतः शोधून काढली. तुला का वाटलं असं? मी लिहिलं, सहज. त्यानं लिहिलं, तू कशी आहेस? त्याला मी उत्तर दिलं नाही.

तेव्हापासून दर रविवारी तोच प्रश्न येतो. कधी हवामानाच्या आधी, कधी नंतर. मी विषय बदलत आले.

गेल्या रविवारी मला काय झालं कोण जाणे. ते म्हणाले, "काय म्हणतंय काम?"

"लांबी भरलीय, अप्पा," मी म्हणाले. "अजून वाळली नाही."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग त्यांचा आवाज आला, अगदी सावकाश.

"असू दे. घाई करू नकोस." आणि मग, "सुजय येतोय ना शुक्रवारी?"

तेवढ्यात लाइन तुटली. ती तुटली की मी तोडली, हे मला सांगता येणार नाही. उद्या रविवार आहे.